वर जाऊन परत येणाऱ्यांसाठी

पत्र असं आहे:

"रामकृष्णहरी. ताई, मी बार्शीची, वय ५७. मुलगी गुरुग्रामला असते. तिची तारीख जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली आहे. डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हणून सांगितलंय, त्यामुळे माहेरी आणता येत नाही, मलाच जायचंय. जावयांनी पुण्याहून दिल्लीचं विमानाचं तिकीट काढलंय, माझ्या एकटीचंच. आमचे हे येऊ शकत नाहीत, ज्वारी हुरड्यात आलीय आणि दावणीला दोन म्हशी आहेत. मी आजवर विमान फक्त अंगणातून बघितलंय. तिकीट आल्यापासून झोप नाही. डोळे मिटले की टीव्हीवरचं अहमदाबाद दिसतं. जाऊबाई म्हणतात, 'तुकाराम महाराज विमानात बसले, ते परत आले का?' सगळे हसतात, मीही हसते, पण पोटात गोळा येतो. मला इंग्रजी येत नाही. कुठं जायचं, कुणाला काय विचारायचं, काही कळत नाही. त्या दिवशी उपवास धरायचा आणि पाणी प्यायचं नाही असं ठरवलंय, म्हणजे उलटी नको आणि तिथल्या संडासातही जायला नको. रेल्वेनं गेले तर नाही का चालणार? जावयांना कसं सांगू? — एक घाबरट आई"

बार्शीच्या ताई,

आधी जाऊबाईंचा हिशेब मिटवून टाकू. महाराजांची क्षमा मागून सांगते, त्यांचं तिकीट एकेरी होतं. तुमच्या जावयांनी परतीचं काढलंय का, एवढं विचारून घ्या. नसेल तर दीड-दोन महिन्यांनंतरची एखादी तारीख धरून ठेवायला सांगा. परतीची तारीख ठरलेली असली की जाण्याचं ओझं निम्मं होतं, हा माझा अनुभव आहे. जाऊबाईंनाही उत्तर मिळेल.

आता रेल्वेचं. जाता येईल की. पुण्याहून दिल्लीला एक दिवस आणि एक रात्र लागते, जानेवारीत उत्तरेकडच्या धुक्यानं गाडी आणखी रखडते, एवढंच. तुम्हाला रेल्वे आवडते म्हणून जायचं असेल तर जावयांना सरळ सांगा, त्यात संकोच कसला? पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला नाही वाटत की रेल्वेच्या ओढीनं तुम्ही हे विचारताय. शिवाय बाळ तारखेच्या आठवडाभर आधीही येऊ शकतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पत्रात मला एक गोष्ट दिसली. विमान पडण्याबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंय, अहमदाबादचं. बाकीची वाक्यं बघा: इंग्रजी येत नाही, कुठं जायचं कळत नाही, उलटी होईल, संडास कसा असेल, जावयांना कसं सांगू. हे सगळं चारचौघांत फजिती होण्याबद्दल आहे. ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मलाही तीच होती. पण तिचं एक बरं असतं, पुढं काय होणार ते आधी कळलं की ती बहुतेक गळून पडते. आणि ती गळली की उरलेली विमानाची भीती वाटली होती त्यापेक्षा बरीच लहान निघते.

माझंच सांगते. मी बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले, नागपूर ते मुंबई. पट्टा लावता येईना. दोन टोकं हातात, एक एकात घुसेना. शेजारी विशीतला एक मुलगा कानात बोंडकं घालून बसलेला, त्याला विचारायची लाज वाटली. शेवटी मी पदराखाली त्या पट्ट्याची चक्क गाठ मारायला लागले, परकराच्या नाडीसारखी. हवाई सुंदरी आली, वाकली, पदर हळूच बाजूला केला, टक्‌ आवाज केला आणि पुढच्या रांगेकडे गेली. हसली नाही, बोलली नाही. तिचा चेहरा इतका सरळ होता की मला कळलं, हे काम ती रोज करते. विमानात पहिल्यांदा बसलेलं माणूस त्यांच्यासाठी नवलाचं नसतं. दर फेरीला दोन-चार असतातच. (पट्ट्याचं पातळ टोक जाड टोकात सरकवायचं. सोडताना वरची पत्र्याची झडप उचलायची. बटण शोधत बसू नका, ते नसतं.)

आता तुमच्याबरोबर दारापासून चालते.

पुण्याचं विमानतळ लोहगावला आहे. २०२४ च्या जुलैपासून तिथली नवी इमारत सुरू झाली आहे, ऐसपैस आहे. विमान सुटायच्या दोन तास आधी पोचा. बार्शीहून एसटीनं त्याच दिवशी येण्याचा अट्टहास करू नका, आदल्या दिवशी पुण्यात कुणाकडे तरी मुक्काम करा. दारावर वर्दीतला जवान तिकीट आणि आधार कार्ड बघेल. तिकीट मोबाइलवर चालतं, पण तुम्ही कागदावर छापून घ्या. हातात कागद असला की आपल्या पिढीला धीर येतो. आत गेलात की तुमच्या विमान कंपनीच्या नावाच्या खिडकीशी रांगेत उभ्या राहा. ही खिडकी विमान सुटायच्या साधारण तासभर आधी बंद होते, म्हणून वेळेवर पोचायचं. तिथं मोठी बॅग देऊन टाकायची. ती वजन करतील, तिला कागदी पट्टी लावतील आणि तुम्हाला बोर्डिंग पास देतील. बॅग आता थेट दिल्लीतच भेटेल. त्या खिडकीवरच्या मुलीशी मराठीत बोला. पुणं आहे ते, लंडन नव्हे. तिला एवढंच म्हणा: "मी पहिल्यांदा चाललेय, पुढं कुठं जाऊ?" हे वाक्य घरी दोन-चारदा मोठ्यानं म्हणून ठेवा. लाज मोडायला यासारखं औषध नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर जावयांना आधीच व्हीलचेअर मागवून ठेवायला सांगा. धडधाकट असाल तर मात्र मागू नका, ती ज्यांना खरंच लागते त्यांना खोळंबावं लागतं.

मग सुरक्षा तपासणी. बायकांची रांग वेगळी असते. हातातली पिशवी आणि मोबाइल ट्रेमध्ये ठेवायचा, तो यंत्रातून जातो. तुम्ही चौकटीतून जायचं, मग पडद्याआड एक महिला जवान हातातलं यंत्र तुमच्या अंगावरून फिरवते. मंगळसूत्र, बांगड्या काढाव्या लागत नाहीत. ते यंत्र पीं पीं करतं, दागिन्यांवर करतं, साडीच्या पिनेवरही करतं. वाजलं म्हणजे आपल्यावर आळ आला असं समजू नका, ते धातू दिसला की वाजतंच. तुमच्या बांगडीला चार-पाच पिना अडकवलेल्या असतील (माझ्या असतात), त्या आदल्या रात्री काढून डबीत टाका. बोर्डिंग पासवर तिचा शिक्का झाला का बघा. आता पासवर लिहिलेल्या क्रमांकाच्या गेटसमोर जाऊन बसायचं. गेटचा क्रमांक कधीकधी बदलतो, म्हणून टीव्हीसारख्या पडद्याकडे अधूनमधून नजर असू द्या, नाहीतर शेजारी बसलेल्या कुटुंबाला विचारा दिल्लीचं का. दिल्लीचं असेल तर ते उठले की उठा.

एक गंमत सांगून ठेवते. लोहगाव हे मुळात हवाई दलाचं ठाणं आहे, प्रवासी विमानं त्यांचीच धावपट्टी वापरतात. तुम्ही गेटवर बसलेल्या असताना लढाऊ विमान उडालं तर काचा थरथरतील असा आवाज होईल. छातीत धस्स होईल. तुमचं विमान तसा आवाज करत नाही. आणि लष्कराची जागा असल्यामुळे धावपट्टीचे फोटो काढायचे नाहीत, जाऊबाईंना पाठवायचा असला तरी.

आता विमान. इथं मी जरा रेंगाळणार आहे. विमानात माणूस उंचीपेक्षा आवाजांना जास्त घाबरतो. एसटीत तीस वर्षं बसल्यावर कुठला खडखडाट नेहमीचा आणि कुठल्या आवाजाला ड्रायव्हर गाडी थांबवेल हे आपल्याला कळतं. विमानात प्रत्येक आवाज नवा, म्हणून प्रत्येक आवाज वाईट वाटतो. तेव्हा ते ऐकण्याआधीच तुमच्या ओळखीचे करून देते.

आत जाऊन बसलात की वरच्या फटींतून कधीकधी पांढरं धुरासारखं येतं. ती वाफ असते, गार हवा दमट हवेला भेटल्यावर होते ती. जमिनीवर विमान हळूहळू चालत असताना पायाखालून कर्र-कर्र, कर्र-कर्र असा आवाज येईल, खाली कुणी सुतार करवत चालवतोय असा. एअरबस जातीच्या विमानांत तो फार येतो. परदेशी लोक त्याला कुत्र्याचं भुंकणं म्हणतात. तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जोर देत असते, त्याचा तो आवाज. मग पंखाच्या मागच्या कडेच्या फळ्या लांब होतात, तेव्हा गिरणीचा पट्टा फिरल्यासारखी घरघर होते. मधूनच टिंग असं वाजेल. कुणीतरी पाणी मागितलेलं असतं, नाहीतर वैमानिक कर्मचाऱ्यांना काही सांगत असतो.

धावपट्टीच्या टोकाशी विमान क्षणभर थांबेल, आणि मग इंजिनं एकदम गरजतील. पाठ सीटला चिकटेल. हे अर्धा मिनिट, फार तर पाऊण मिनिट. नाक वर उचललं जाईल आणि चाकांचा खडखड एकदम थांबेल. तो थांबला की तुम्ही हवेत. दोन-चार श्वासांत पायाखाली धप्प होईल, चाकं पोटात गेली. यानंतर मिनिटभरानं एक क्षण असा येतो की तिथं पहिल्यांदा बसलेला प्रत्येक माणूस हँडल घट्ट धरतो: इंजिनांचा आवाज कमी होतो आणि आपण खाली चाललोय असं वाटतं. खाली जात नसतो. घाट चढायला लावलेला जोर ड्रायव्हर जरा सैल करतो ना, तसं वैमानिक करतो, पण चढणं चालूच असतं. हा क्षण मला कुणी आधी सांगितला असता तर मी त्या नागपूरच्या मुलाचं मनगट धरलं नसतं. बिचाऱ्यानं कानातलं काढून "काकू, ठीक आहे" म्हटलं.

वर गेल्यावर धक्के बसतील. कमी बसतील किंवा जास्त बसतील, पण थोडेतरी बसतीलच. हवा सपाट नसते. डोंगरांवरून, ढगांतून जाताना ती उसळते, आणि तुम्ही कुर्डूवाडीच्या रस्त्यानं जाता तसं विमान त्यावरून जातं. पट्टा बांधलेला ठेवा, म्हणजे धक्का नुसता धक्काच राहतो. उभ्या असलेल्यांना आणि पट्टा सोडून बसलेल्यांना लागतं. पंख टोकाशी हलताना दिसतील. ते हलण्यासाठीच केलेले असतात. विमान वापरात येण्याआधी, आयुष्यात पडेल त्या सगळ्यात मोठ्या भाराच्या दीडपट भार त्याच्या पंखांवर टाकून बघतात. सीट पंखाच्या आसपासची मागा, तिथं हिसके कमी जाणवतात, शेपटीकडे जास्त. खिडकीची घ्या. मधली नको, मधल्या सीटवर माणसाला ना दिसतं ना उठता येतं. निवडीचे वेगळे पैसे घेतात, पण ते जावई देतील. तुम्ही त्यांच्या बायकोचं बाळंतपण करायला चालला आहात.

एवढा मोठा लोखंडाचा डोंगर वर राहतो कसा, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असणार. पहिली गोष्ट, ते लोखंड नसतं, बहुतेक ॲल्युमिनियम आणि त्याहून हलके पदार्थ असतात. दुसरी गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. एसटीच्या खिडकीबाहेर हात काढू नये असं लिहिलेलं असतं, तरी आपण लहानपणी काढलेलाच आहे. पंजा जरा तिरपा धरला की वारा हात वर ढकलतो. एसटी साठच्या वेगानं जाते. विमान ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जातं, आणि त्या वेगाला हवा पाण्यासारखी दाट लागते. इंजिनाचं काम पुढं ढकलायचं, उचलून धरतात ते पंख. म्हणून समजा दोन्ही इंजिनं बंद पडली तरी विमान दगडासारखं खाली येत नाही, घारीसारखं तरंगत येतं. दहा किलोमीटर उंचीवरून दीडशे किलोमीटर जातं, म्हणजे पुण्यावरून मुंबई. २००१ साली अटलांटिक समुद्रावर एका विमानाचं इंधन संपलं, ३०६ माणसं आत होती. एकोणीसेक मिनिटं ते नुसतं तरंगत आलं, एका बेटावर उतरलं आणि सगळी माणसं वाचली. एक इंजिन बंद पडणं ही तर वैमानिकाच्या सरावातली गोष्ट आहे, दर काही महिन्यांनी त्यांना नकली विमानात बसवून तीच परीक्षा घेतात.

आणि अहमदाबाद. ते टाळून मी पुढं जाणार नाही, कारण "असा विचारच करू नका" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. १२ जून २०२५ ला लंडनला निघालेलं विमान उडाल्यावर काही सेकंदांत कोसळलं, विमानातली आणि जमिनीवरची मिळून २६० माणसं गेली, विमानातला एकच प्रवासी वाचला. ते घडलं. तुम्ही त्या घरांमधल्या आयांसाठी रडला असाल, मीही रडले. पण एक बघा, ते विमान एकदा पडलं आणि आपण ते पडताना शंभरदा पाहिलं. मनाला मोजता येत नाही, त्यानं शंभर विमानं पडलेली धरली. त्याच दिवशी देशात हजारो विमानं उडाली आणि उतरली, ती कुणी दाखवली नाहीत. उलट २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि तरी तुम्ही यांच्या मोटरसायकलवर मागं एका बाजूला पाय टाकून भगवंताच्या दर्शनाला जाताच. (हेल्मेट घालतात का हे? विचारा.) हा आकडा ऐकून तुमची भीती जाईल असं मला वाटत नाही, आकड्यांनी कुणाची गेलेली मी पाहिली नाही. तो फक्त रात्री तीन वाजता स्वतःशी वाद घालायला उपयोगी पडतो. खरा उपाय हा की जाईपर्यंत ती चित्रं पुन्हा बघायची नाहीत. मोबाइलला तुम्ही एकदा विमान अपघात बघताय हे कळलं की तो रोज नवे आणून देतो. एखादा आला की बोटानं वर सरकवा, थांबू नका.

उपवासाचा बेत मात्र रद्द करा. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, डोकं गरगरतं, आणि भीती आणि भूक पोटात सारखीच जाणवते, मग कळत नाही काय होतंय. सकाळी मऊ भात किंवा धपाटं-दही, पोटभर नको. चहा एकच. पाणी बंद करू नका, विमानातली हवा कोरडी असते, घसा सुकतो. रक्तदाबाची गोळी असेल तर वेळेवर, आणि ती हातातल्या पिशवीत. "विमानात झोप लागायची गोळी" म्हणून शेजारणीनं काही दिलं तर घेऊ नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. लिफ्टमध्ये सुद्धा श्वास कोंडतो, हातपाय गार पडतात, असं आधीपासून होत असेल तर त्यांना ते आत्ताच सांगा, निघायच्या आदल्या दिवशी नको.

संडास छोटा असतो, एसटीतल्या कंडक्टरच्या जागेएवढा. दाराच्या मधोमध दाबलं की घडी होऊन आत जातं. कडी लावली की दिवा लागतो, म्हणून अंधार दिसला तर घाबरू नका, आधी कडी लावा. आणि फ्लशचं बटण दाबण्याआधी उभ्या राहा, झाकण लावा, मगच दाबा, कारण ते पाणी सोडत नाही, हवेनं ओढून घेतं आणि फस्सकन एवढ्यानं ओरडतं की माणूस दचकतो. पट्ट्याचा दिवा विझलेला असताना, उतरायच्या अर्धा तास आधी एकदा जाऊन या.

तुम्ही पत्राच्या वर "रामकृष्णहरी" लिहिलंय, म्हणजे गळ्यात माळ असणार आणि जपाची वेगळीही असेल. ती हातात ठेवा. विमान पळायला लागलं की सुरू करा. श्वास नाकानं घ्यायचा, आणि सोडताना सावकाश नाव घ्यायचं, एका श्वासाला एक मणी. घाई करायची नाही. सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा लांब असला की छातीची धडधड आपोआप खाली येते, हे डॉक्टरही सांगतात. असे १०८ मणी व्हायला दहा-अकरा मिनिटं लागतात. मेरुमणी येईपर्यंत विमान बरंच वर गेलेलं असेल, बहुतेक वेळा पट्ट्याचा दिवाही विझलेला असेल. पावलं जमिनीला घट्ट टेकवून ठेवा. कानांना दडे बसतील, कारण आतल्या हवेचा दाब उटीसारख्या उंच ठिकाणी असतो तेवढाच ठेवतात. आवंढा गिळा, जांभई द्या, लिमलेटची गोळी चघळा. उतरताना कान जास्त दुखतात, तेव्हा झोपू नका आणि दुसरी गोळी तोंडात टाका. नाक चोंदलं असेल, सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

दिवसाचं विमान असेल आणि हवा स्वच्छ असेल तर खाली बघा. गोदावरी जाईल, तापी जाईल, मग नर्मदा. परिक्रमावाल्यांना जी ओलांडायची नसते ती तुम्ही चहाच्या कपाएवढ्या वेळात ओलांडाल. वरून हात जोडा.

सामानाचं जावयांनी सांगितलं असेलच: मोठी बॅग साधारण १५ किलो, हातातली ७. तुमच्याकडून हे पाळलं जाणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण मालदांडीचं पीठ, हळीव, डिंकाचे लाडू, तूप, शेंगाचटणी आणि बाळाची दुपटी एवढं तर निघणारच. वाण्याकडच्या काट्यावर दोन दिवस आधी बॅग ठेवून बघा. स्वेटर आणि शाल अंगावर घाला, दिल्लीत जानेवारीत लागतेच आणि वजनातही धरत नाहीत. खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या नेऊ नका, सुकं खोबरं तेलकट असतं, पेट घेणाऱ्या मालात त्याची गणना होते. किसून, भाजून लाडवात घालूनच न्या. तूप, लोणचं, चटणी मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. अडकित्ता, विळी, कात्रीही मोठ्याच बॅगेत. पॉवर बँक असेल तर ती मात्र हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत चालत नाही. देवाच्या पिशवीतली काडेपेटी घरीच राहू द्या, ती कशातच चालत नाही. लाडवांचा छोटा डबा हातात ठेवला तरी हरकत नाही, तपासणीत उघडून दाखवायला सांगतील एवढंच. मोठ्या बॅगेच्या मुठीला जुन्या साडीची लाल पट्टी बांधा. दिल्लीत पट्ट्यावरून शंभर काळ्या बॅगा फिरत येतात, त्यात आपली लगेच सापडते.

दिल्लीचं धुकं. सकाळची विमानं त्यानं अडकतात, म्हणून तिकीट बदलता येत असेल तर दुपारचं घ्या. उशीर झाला म्हणजे काही बिघडलं असं नाही, वाट बघायला लावतात तेच बरं. धुक्यात उतरायची यंत्रणा तिथल्या धावपट्ट्यांवर आहे आणि त्यासाठी वैमानिकांना वेगळं शिक्षण असतं. कधी कधी जमिनीजवळ आलेलं विमान पुन्हा जोरात वर जातं, समोरची धावपट्टी मोकळी नसली किंवा नीट जुळलं नाही तर. एसटी फलाटाला नीट लागली नाही की ड्रायव्हर मागं घेऊन पुन्हा लावतो, त्यातलाच प्रकार. उतरताना चाकं बाहेर निघाली की वाऱ्याचा मोठा घोंगाट होतो, टेकताना दणका बसतो आणि लगेच इंजिनं पुन्हा गरजतात. ते थांबण्यासाठी गरजतात. पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत बसून राहा. इतर लोक आधीच उठून वाकड्या मानेनं उभे राहतात, ते का हे मला अजून समजलेलं नाही.

दिल्लीत टर्मिनल एकाहून जास्त आहेत आणि एकमेकांपासून लांब. तिकिटावर कुठलं आहे ते जावयांनी बघून तिथंच थांबायचं, हे त्यांना आजच सांगा. "आम्हाला सांगायला संकोच वाटतो" वगैरे नको. तेही पहिल्यांदाच बाप होतायत, त्यांनाही कुणीतरी ठामपणे काही सांगितलेलं बरंच वाटेल. भीती वाटते हेही सांगून टाका. मुलीला नको, तिला सध्या तिची पुरे आहे.

आणि शेवटचं, फोन. विमानात तो फ्लाइट मोडवर टाकायला सांगतात, वर विमानाचं छोटं चित्र दिसतं. मुंबईत उतरल्यावर ते बंद करायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बहिणीच्या घरी जाऊन जेवले, झोपले. इकडे नागपूरला आमचे हे चार तास फोन लावत होते आणि तो लागत नव्हता. उठून बघते तर बहिणीच्या फोनवर सतरा मिस्ड कॉल. तुमच्या ह्यांचं म्हशींची धार काढायचं टळू नये असं वाटत असेल, तर चाकं टेकून विमान थांबलं की आधी ते चित्र घालवा आणि बार्शीला फोन लावा.